बहिणीची जाहिरात

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या जमातीत एक साथ पसरते. जमात म्हणजे घरी बसून दुसऱ्यांच्या जाहिराती लिहिणारे. आम्हाला नोकरी नसते पण काम असतं, निदान असतं असं आम्ही सांगतो. साथ अशी की प्रत्येकाला अचानक साक्षात्कार होतो, सरत्या वर्षाने आपल्याला काहीतरी शिकवलं. मग तो ते पाच धडे नोकरीधंद्याच्या साइटवर टाकतो, खाली बाकीचे टाळ्या वाजवतात, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस तेच धडे नव्याने शिकतो.

मीही टाकत आलोय, सहा वर्षं. पहिल्या वर्षी लिहिलं होतं, 'नाही म्हणायला शिका.' त्या वर्षी मी कुणालाच नाही म्हटलं नव्हतं, कारण कुणी काही विचारलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी लिहिलं, 'स्वतःची किंमत ओळखा.' ती मला एका मसालेवाल्या क्लायंटने फोनवर तीन मिनिटांत ओळखून दिली होती. 'आरोग्याकडे लक्ष द्या' हा धडा लालबागच्या नाक्यावर उभं राहून, भज्यांची दुसरी प्लेट संपवताना सुचला. लोकांनी त्याला भरभरून टाळ्या दिल्या. यंदा मी काहीच टाकलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही, हा वेगळा विषय.

गेल्या जानेवारीत मात्र मी फॉर्मात होतो. वर्षाची उद्दिष्टं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. आतून अशासाठी की काळाचौकीच्या आमच्या चाळीत दिवसा दार लावणं म्हणजे शिष्टपणा, आणि बाहेरून लावलेलं काहीही तीन मजले वाचतात. दोन कायमचे क्लायंट. आठवड्याला एक पोस्ट. दादरला टेबलं भाड्याने मिळतात तिथे एक टेबल. सकाळी सातला उठणे. आणि जाड अक्षरात शेवटचं: फुकट काम बंद. हे खास चाळीसाठी होतं. मंडळाच्या अहवालापासून कुणाच्या आजोबांच्या श्रद्धांजलीच्या बोर्डापर्यंत सगळं माझ्याकडे यायचं, आणि वर ऐकवायचे, 'तुला काय रे, दोन मिनिटांचं काम.'

तो कागद सगळ्यात आधी ताईने वाचला. ती पाचला उठते. सातला उठण्याचं ध्येय वाचून ती इतकी हसली की मी साडेपाचलाच जागा झालो.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, म्हणजे एकोणचाळीस. परळच्या एका लॅबसाठी ती घरोघरी जाऊन रक्त घेते. सकाळी सहाला खांद्याला बॅग लावून निघते, लालबाग, परळ, कधी कॉटन ग्रीनपर्यंत, आणि दुपारी दोनला परत. वडील कॉटन ग्रीनलाच एका गोदामात कामाला होते. ते गेले तेव्हा मी दहावीत होतो आणि ताई वीस वर्षांची. तेव्हापासून घर तिच्या नोकरीवर चालतं. मी स्वतःला स्वतंत्र लेखक म्हणवतो, पण ते स्वातंत्र्य तिच्या पगारातून येतं, एवढं मी इथे कबूल करतो. साइटवर केलेलं नाही.

आईने माझा कागद चष्मा लावून वाचला आणि यात एक राहिलंय म्हणाली. तिला म्हणायचं होतं, ताईचं लग्न. त्यासाठी बायोडेटा लागतो, आणि घरात लिहिणारा बसलाय. मी शेवटच्या कलमावर बोट ठेवलं, फुकट काम बंद. आई एरवी आमच्याशी साधं मराठी बोलते, चिडली की मालवणीवर येते. "जगाचा सगळा लिवतस," ती म्हणाली, "बहिणीचा चार वळी लिवूक काय तुझे हात मोडले?"

तरी मी ते गणपतीपर्यंत ढकललं. ढकलण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. शेवटी आईने गणपतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मोदकाबरोबर तक्रारही वाढली, की आमचा मुलगा लिहितो, पण बाहेरच्यांचं. सातव्या पाहुण्यानंतर मी शरण गेलो.

विसर्जनानंतरच्या आठवड्यात एका दुपारी वही घेऊन ताईसमोर बसलो. ती कोलंबी साफ करत होती. क्लायंटला विचारतो तसे प्रश्न विचारले. आपली बलस्थानं कोणती? ती म्हणाली, लहान मुलाची शीर पहिल्या टोचणीत सापडते. छंद? झोप. स्वभाव? खालच्या पाणीवाल्याला विचार. जोडीदाराकडून अपेक्षा? घोरू नये. मी वैतागलो. क्लायंटकडून असा ब्रीफ, म्हणजे कामाची माहिती, आला तर माणसाने लिहायचं काय? मला वाटलं, हिला यात काडीचा रस नाही, आईच्या समाधानासाठी चाललंय सगळं. मग तिने हात धुतले, पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "एक मात्र लिही. आई माझ्याबरोबर राहणार. आधी सांगायचं, नंतर नाही. वरच लिही."

मी म्हटलं, मी काय मेलोय का? ती म्हणाली, तू आहेस रे, आणि फेब्रुवारीतही होतास. फेब्रुवारीत ताई दोन दिवस ट्रेनिंगला पुण्याला गेली होती. आईला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन द्यायचं एवढंच माझ्याकडे होतं. मी एका साबणाच्या टॅगलाईनमध्ये इतका बुडालो होतो की तीन वेळा विसरलो आणि ताईने फोनवर विचारल्यावर दिलं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना आई मोरीच्या कट्ट्याशी घेरी येऊन बसलेली दिसली. टॅगलाईन क्लायंटने घेतली नाही ती नाहीच.

असो. बायोडेटा लिहिला, आणि काय लिहिला महाराजा! 'आरोग्यसेवा क्षेत्रात जबाबदारीच्या पदावर कार्यरत.' 'शांत, समजूतदार स्वभाव.' 'प्रवासाची विशेष आवड.' रोज चार-पाच मैल पायी हिंडते, तो प्रवास नाही तर काय? आई म्हणाली, वय दोन वर्षांनी कमी टाक, सगळेच टाकतात. मी तिला धंद्यातल्या नीतिमत्तेवर छोटं व्याख्यान दिलं. मी खोटं लिहीत नाही, म्हटलं, फक्त मांडणी करतो. आई गप्प बसली, कारण तिला त्यातलं काही कळलं नाही, आणि कळण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

आणि मांडणी करता करता मी ताईची अट काढली. स्वतःला कारण दिलं की अट कधी वर नसते. अटी तळाला बारीक अक्षरात असतात, आधी गिऱ्हाईक दुकानात तर येऊ दे. कारण अगदीच वाईट नव्हतं, फक्त खरं नव्हतं. खरं असं की ती ओळ मी टाइप केली होती, 'आई माझ्यासोबत राहतील', आणि तिच्याखालीच होतं, 'एक लहान भाऊ'. दोन्ही ओळी लागोपाठ वाचल्या की कुणीही विचारील, मग हा भाऊ काय करतो? मी वरची पुसली आणि खालची वाढवली: 'लहान भाऊ सर्जनशील क्षेत्रात स्वतंत्र व्यावसायिक.' त्या संपूर्ण कागदावरची ती सगळ्यात लांब ओळ होती. बहिणीच्या बायोडेटात मी माझी जाहिरात करून घेतली.

ताई दोन दिवस कामाच्या गडबडीत होती. तिने जाता जाता एवढंच विचारलं, आईचं लिहिलंस ना? मी म्हटलं, हो, तू काळजी नको करूस. पितृपक्ष संपल्यावर आईने तो बायोडेटा दादरच्या एका वधूवर मंडळाच्या ग्रुपवर टाकायला लावला आणि मी टाकला.

लिखाणाला प्रतिसाद मिळणं काय असतं ते मला त्या आठवड्यात कळलं. सात फोन आले. माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही जाहिरातीला एवढे फोन आलेले नाहीत. त्यातले चार ताईने दोन वाक्यांत निकालात काढले. एक जण पत्रिकेत अडकला, एक दुबईला निघाला होता. सातवं स्थळ गिरगावचं. चव्वेचाळीस वर्षांचा, पतपेढीत नोकरीला, बायको सहा वर्षांपूर्वी आजारात गेलेली, मूल नाही. मोठा भाऊ आणि वहिनींबरोबर राहत होता. त्याचा बायोडेटा सहा ओळींचा होता आणि त्यात 'मला स्वयंपाक बरा येतो, आमटी सोडून' असं लिहिलं होतं. ताईने तो वाचून फोन खाली ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलून वाचला. मी पाहिलं, पण माझं लक्ष त्या आमटीच्या वाक्यावर होतं. धंद्यातल्या माणसाच्या नजरेने मला ते फार कच्चं वाटलं.

भेट रविवारी दुपारी दादरला ठरली, एका जुन्या हॉटेलात, साबुदाणा वडा आणि पियुष मिळतं तसल्या. आमच्याकडून आई, ताई आणि मी. त्यांच्याकडून तो आणि त्याची वहिनी. ताईने आदल्या दिवशी साडीला इस्त्री करून आणली होती. मी विचारलं, एवढं काय? ती म्हणाली, चुरगळली होती.

वहिनींनी मी लिहिलेल्या बायोडेटाची प्रिंट काढून आणली होती आणि तिच्यावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. आमच्या धंद्यात आपलं लिखाण इतकं मन लावून कुणी वाचत नाही, म्हणून मला आधी बरंच वाटलं. त्यांनी ताईला विचारलं, प्रवासाची आवड आहे म्हणता, कुठे कुठे फिरलात? ताई म्हणाली, काळाचौकी ते परळ. तो हसला. वहिनी हसल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, जबाबदारीचं पद म्हणजे नेमकं काय? ताईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की मी लोकांच्या घरी जाऊन रक्त घेते, पद वगैरे काही नाही, पण जबाबदारी आहे.

तो म्हणाला, मला सुईची भीती वाटते, अजूनही भिंतीकडे तोंड करतो. ताईने विचारलं, चक्कर येते का? कधी कधी, तो म्हणाला, पतपेढीच्या आरोग्य शिबिरात आली होती, मॅनेजरच्या अंगावर पडलो. ताई हसली. मला तिचं पाणीवाल्यावर ओरडणं रोज ऐकू येतं, ते हसणं मी फार दिवसांनी ऐकलं. मग ती त्याला सांगत बसली की घाबरणाऱ्या माणसाशी बोलत राहायचं असतं, त्याच्या गावाबद्दल, जेवणाबद्दल, काहीही, म्हणजे त्याचा हात सैल पडतो. तिने आमटीबद्दल विचारलं. त्याने आमटी कशी बिघडते ते सविस्तर सांगितलं. वडे थंड झाले. आई माझ्या मांडीला चिमटे काढत होती, आनंदाने.

आणि मग ताई अगदी सहज म्हणाली, "आईचं तुम्हाला चालेल म्हणूनच आलात, ते मला बरं वाटलं."

वहिनींनी विचारलं, आईचं काय?

ताईने हात पुढे करून तो कागद मागितला. तिने तो तोपर्यंत वाचलाच नव्हता. वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, मग उलटा करून मागे काही आहे का ते बघितलं. मी पियुषचा ग्लास उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायलो. तिथे ती मला चार शब्द सुनावती तर बरं झालं असतं. तिने कागद परत दिला आणि सरळ सांगितलं की माझी आई माझ्याबरोबर राहील, तिला मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन लागतं, ही माझी एकच अट आहे आणि ती यात असायला हवी होती. कुणी काढली ते सांगितलं नाही. तो म्हणाला, माझी आईही शेवटपर्यंत आमच्याकडेच होती, मला यात अडचण दिसत नाही. वहिनींनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

परत येताना ताईने दादरच्या फुलबाजारात अबोलीची वेणी घेतली. तिला वेणी माळताना मी शेवटचं पाहिलं ते शाळेत असताना. मी कोडगा, मनात हिशेब मांडत होतो की अट काढली नसती तर हे लोक आलेच नसते, म्हणजे माझी मांडणी बरोबरच होती. वर्षअखेरीच्या पोस्टसाठी पहिला धडा मी बसमध्येच जुळवला: 'आधी दार उघडू द्या, मग बोला.' ताईचं लग्न ठरणार होतं आणि मला टाळ्या मिळणार होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. आईला कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे आम्ही तिघांनीही ऐकलं. वहिनी अगदी सभ्यपणे बोलल्या. भाऊजींचं मन आहे म्हणाल्या, पण घरात आम्ही दोघं नको म्हणतोय. पत्रिका जुळत नाही असं सांगून मोकळं होता आलं असतं, पण त्यांनी तसं केलं नाही. त्या आईला म्हणाल्या, "अट मोठी नव्हती हो. कागदावर असती तर आम्हीच हो म्हटलं असतं. पण ती लपवली, तर आणखी काय लपवलं असेल, हे मनातून जात नाही. एकदा फार सोसलंय त्यांनी."

आई बरं बरं म्हणाली, फोन ठेवला आणि मोरीत जाऊन स्वच्छ असलेली भांडी घासायला लागली. तिला नंतर मी कधी त्या ग्रुपवर काही टाक म्हणताना ऐकलं नाही.

ताई दुसऱ्या दिवसाची बॅग भरत होती. नळ्या, लेबलं, कापूस, सगळं आपापल्या कप्प्यात. मला वाटलं ती आता फुटेल, मग मीही दोन शब्द बोलेन, भांडण होईल आणि संध्याकाळपर्यंत मिटेल. आमच्या घरात तशीच पद्धत आहे. शेवटी मीच सुरुवात केली. म्हटलं, असली माणसं, एका ओळीवरून नाकं मुरडणारी, त्या घरात गेली नाहीस तेच बरं. म्हटलं, मी तुझ्या भल्यासाठीच केलं. ती लेबलं लावत राहिली. मग माझी जीभ आणखी सैल सुटली. मी म्हटलं, तसंही तुला कुठे लग्न करायचं होतं? आईसाठीच चाललं होतं ना सगळं?

"करायचं होतं," ताई म्हणाली.

तिने हातातली नळी कप्प्यात ठेवली. "खूप वर्षं करायचं होतं. बोलून दाखवून काय करणार होते? आईची चिंता वाढली असती, आणि तू त्याचा विनोद केला असतास. तो आवडला होता मला."

एकाच खोलीत आम्ही चौतीस वर्षं राहतोय. मला तिच्या बुटाचा नंबर माहीत आहे, ती चहात साखर किती घेते ते माहीत आहे. हे माहीत नव्हतं. मला लाज वाटली, एवढं साधं आणि एवढं उशिरा.

ती म्हणाली, ती ओळ तू का काढलीस तेही मला कळलंय, आईजवळ बोलले नाही इतकंच. मला तेव्हा सुचून सुचून काय सुचावं? जन्मभर जे केलं तेच. मी म्हटलं, ताई, मी त्यांना पत्र लिहितो. सगळी चूक माझी आहे असं स्पष्ट लिहितो, वहिनींना पटेल असं, मनापासून. आणि सांगायला शरम वाटते, पण हे बोलत असतानाच माझ्या डोक्यात त्या पत्राची पहिली ओळ तयार झाली होती आणि ती मला चांगली वाटत होती.

"नको," ताईने बॅगेची चेन ओढली. "तू माझ्याबद्दल आता काही लिहू नकोस."

हे मी तिला न विचारता लिहिलंय.